परीक्षेचा पेशंट

"डावीकडं, छातीच्या खालच्या अंगाला ऐक. काळजाची झडप बारीक झालीय," व्यंकटी तपासायला आलेल्या पोरीला कुजबुजला. "एवढं लिव. पास हुतीस."

लातूरच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरकीच्या परीक्षा लागल्या की मुरुडहून व्यंकटीला बोलावणं यायचं. खाटेवर उघड्या छातीनं पडायचं आणि पोरांनी त्याचा आजार ओळखायचा. बारा वर्षांत त्यानं कितीतरी पोरं कानात सांगून पार केली होती. त्याचा त्याला अभिमान होता, आणि का नसावा? ऐकून ऐकून त्याला शास्त्रही कळलं होतं. रोगी सांगतो ते लक्षण, डॉक्टरला सापडतं ते चिन्ह.

ही नांदेडची बुद्धप्रिया मात्र आयतं उत्तर घेईना. सकाळी दवाखान्यातल्यांनी त्याला न तपासता, जुना कागद बघूनच खाटेवर घेतलं होतं. तिनं त्याच्या मानेची फुगलेली शीर पाहिली, नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला तो लवकर भरेना.

"काका, आडवं पडल्यावर दम लागतो का?"

"न्हाई."

धडधडीत खोटं होतं. दोन महिने तो भिंतीला टेकून झोपत होता आणि सरजाबाईला, आपल्या बायकोला, उकाड्याचं कारण सांगत होता. धाप वाढली की ऑपरेशन टळणार नाही, असं मोठ्या डॉक्टरांनी बजावलं होतं. ऑपरेशनची त्याला धास्ती होती, म्हणून तो धाप कुणालाच सांगत नव्हता.

परीक्षक आले. बुद्धप्रिया म्हणाली, "सर, यांचं हृदय थकत चाललंय. आडवं झोपता येत नसणार. पण ते नाही म्हणतात."

"पेशंट नाही म्हणतो आणि तुम्ही हो म्हणता?" परीक्षक व्यंकटीकडे वळले. "काय हो?"

आपण नाही म्हटलं तर या पोरीचं वर्ष जाईल, असं त्याला वाटलं.

"खरं हाय तिचं, साहेब. बसूनच झोपतोय मी."

परीक्षकांनी स्वतः नडगी दाबून पाहिली आणि त्याला तिथूनच भरती करायला सांगितलं.

परीक्षा संपल्यावर बुद्धप्रिया वॉर्डात आली. व्यंकटीनं घरचा नंबर दिला. "एकदम सांगू नको तिला. आधी जेवलीस का म्हणून इचार."

तिनं फोन स्पीकरवर लावला, दवाखान्यातून बोलतेय म्हणून आपलं नाव सांगितलं. "मावशी, जेवलात का?"

पलीकडून सरजाबाईचा आवाज आला.

"न्हाई, बाई. बसून झोपतेत ते सांगितलं का त्यांनी डॉक्टरला?"

व्यंकटीनं तोंड भिंतीकडे वळवलं.