खाली माणूस आहे

बाथरूमची गळकी लादी फोडता फोडता स्लॅबचा एक तुकडाच सुटला आणि थेट खालच्या स्वयंपाकघरात, ओट्यावर जाऊन बसला. आई तेव्हा शेजारी गप्पा मारत होती म्हणून वाचली. तेव्हापासून आमच्या घराला वरून खाली माणूस सहज जाईल एवढं भोक होतं आणि घरातल्या सगळ्यांना चेव चढला होता. धाकटा भाऊ दोरीला कप बांधून वरच्या वर चहा ओढून घ्यायचा. आईही खालून ओरडायची, "सांडलास तर पुसायला तूच ये!"

मला मात्र धड हसू येत नव्हतं, कारण बाबा. वय अठ्ठ्याहत्तर. दुपारची झोप झाली की खांद्यावर टॉवेल टाकून, डोळे अर्धवट मिटून बाथरूमकडे चालू पडायचे, ही चाळीस वर्षांची सवय. दार सुताराकडे गेलेलं. मिस्त्री जाताना आडव्या फळ्या टेकवून जायचे, तर बाबा त्या उचलून भिंतीशी नीट रचून ठेवायचे. कामगार पसारा टाकून जातात, असं त्यांचं म्हणणं. खिळे ठोकायला सांगितले तर मिस्त्री म्हणाले, "ताई, मग आम्ही काय खिडकीतून येऊ?"

पहिल्याच दुपारी बाबांना मी भोकापासून दोन पावलांवर शर्टाला धरून मागे ओढलं. बाबा म्हणाले, "अगं, इस्त्रीचा शर्ट आहे!"

पाटी आणायचं ठरलं. हार्डवेअरवाल्याने काउंटरवर बाजारच मांडला. पिवळा त्रिकोण, लाल पंजा, घसरून पडणारा माणूस.

"हा पडतोय कुठे? नाचतोय," धाकटा म्हणाला.

मी म्हटलं, पाटी बाबांच्या डोळ्यांनी बघायला हवी. मीच दहा पावलं मागे गेले, डोळे अर्धवट मिटले आणि चालत आले. मग धाकटा आला. मग दुकानदाराला राहवेना. मग नळाचा वॉशर घ्यायला आलेल्या एका काकूंनीही डोळे मिटले आणि त्या थेट रंगाच्या डब्यांवर जाऊन धडकल्या. अर्धा तास ते दुकान झोपेत चालत होतं. शेवटी एकमताने कवटी निवडून आली. खाली दोन हाडं, वर लाल अक्षरांत 'धोका'. डोळे पूर्ण मिटले तरी दिसेल, असं काकू म्हणाल्या.

दाराच्या चौकटीत ती डोळ्यांसमोर येईल अशी टांगली. दुपारी बाबा आले. पाटी बघताच त्यांचा चेहरा खुलला.

"अरे वा! तू इथे कशी?" असं म्हणून त्यांनी टॉवेल कवटीवर अडकवला आणि वाकून आत शिरायला लागले.

पुन्हा शर्ट, पुन्हा इस्त्री. मी कपाळावर हात मारून घेतला. बाबा सबस्टेशनवर वायरमन होते, हे मी पोटची पोर असून विसरले होते!

"या कवटीखाली बसून तीस वर्षं डबा खाल्लाय मी," बाबा म्हणाले. "ती बाहेरच्यांसाठी असते गं. मी आतला."

"मग आयुष्यात एक तरी पाटी मानलीत का तुम्ही?" मी रडकुंडीला येऊन ओरडले.

बाबा विचारात पडले. "एक मानायचो. कुणी खांबावर चढला की खाली स्विचला पाटी लावायची, माणूस काम करतोय म्हणून. ज्याने लावली त्यानेच काढायची. मोठा साहेब आला तरी हात लावायचा नाही."

भोकातून खालचं सगळं वर यायचं तसं वरचं सगळं खालीही जायचं. पाच मिनिटांत आई जिना चढून आली. हातात मिक्सरच्या खोक्याचा पुठ्ठा, त्यावर शाईने लिहिलेलं: खाली माणूस आहे. तिने कवटी काढली, पुठ्ठा टांगला आणि बाबांना सांगितलं, "अहो, मी लावलीय. मीच काढणार."

दुसऱ्या दिवशी मी श्वास रोखून चौकटीशी उभी. टॉवेल आला, मिटलेले डोळे आले. पुठ्ठ्यासमोर थांबले. डोळे टक्क उघडले. बाबांनी मान पुढे काढून हाक मारली, "अगं, खाली आहेस?"

"आहे!" खालून आवाज आला.

"मग राहू दे." आणि ते वळून जिन्याखालच्या लहानशा बाथरूमकडे गेले, जिथे त्यांचं डोकं रोज आपटतं. मी आनंदाने घमेल्याभोवती दोन गिरक्या घेतल्या. मिस्त्रींनी थापी उंचावून मला साथ दिली.

आठ दिवसांनी भोक बुजलं, लाद्या बसल्या, सुताराकडून आलेलं दार लागलं. आई दोन दिवसांसाठी मावशीकडे गेली होती. बाबा टॉवेल घेऊन आले आणि दारापाशीच थांबले.

"जा ना बाबा, झालं सगळं!"

"पाटी आहे."

"एवढंच ना?" धाकट्याने हात वर केला. बाबांनी त्याचं मनगट धरलं.

"हात लावू नकोस!"

असा आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता. मग ते हळू म्हणाले, "आमच्यातल्या एकाची अशीच कुणीतरी काढली होती. काम संपलं असेल असं वाटलं त्याला." धाकट्याने हात खाली घेतला. मला बाबांना मिठी मारावीशी वाटली, पण टॉवेल मध्ये होता.

आईने फोनवर "काढा हो ती" म्हणून सांगून पाहिलं. "फोनवर चालत नाही," बाबा म्हणाले. पुढचे दोन दिवस जिन्याखालून डोकं आपटल्याचा आवाज येत राहिला आणि मिस्त्री हिशोबाला आले की तो ऐकून तोंड दाबून हसायचे.

आई आली ती हातातली पिशवीही न ठेवता वर चढली. मागे आम्ही, आमच्या मागे मिस्त्री. तिने दोरी सोडवली. बाबा टॉवेल खांद्यावर टाकून ताठ उभे राहिले.

"सगळी माणसं बाहेर?"

"सगळी बाहेर. जा आता."

बाबांनी तरी बोटाने आम्हाला मोजलं. आई, मी, धाकटा. मिस्त्रींनाही धरलं. मग आत गेले.