एका माणसाची पंगत

वैशाखरे गावाच्या आसपास कुठे लग्न ठरलं की घरचे लोक आधी जयावैनीकडे जात, ती त्या दिवशी मोकळी आहे का ते विचारायला. मांडववाला आणि बँडवाला नंतर. जया लग्नाचं जेवण करायची. पाचशे पानांचं वरण ती चव न घेता नुसत्या वासावर उतरवायची आणि मीठ कधी चुकायचं नाही. नवरा लवकर गेलेला, शेत एवढंसं, पदरी एकटी अक्षदा. पण हळदीला नवरीची आई स्वतः तिची ओटी भरायची आणि म्हणायची, "वैनी, आमची अब्रू तुमच्या हातात."

चौऱ्याण्णव सालच्या मे महिन्यात आळीतल्या चांगोच्या धाकट्या भावाचं, राघोचं लग्न होतं. भर उन्हात माणसं अंदाजापेक्षा जास्त आली आणि बासुंदीला दूध कमी पडलं. माळशेजच्या रस्त्यावर धाऊची खव्याची भट्टी होती. त्याच्याकडून खवा आणला आणि जयानं तो घाईघाईत उकळत्या दुधात घातला. दुपारी पंगती उठल्या. चहाच्या वेळेपर्यंत अर्धा मांडव ओकत होता. बाकीचे रात्रीपर्यंत सावरले. चांगोची तीन वर्षांची लेक सावळी मात्र सावरली नाही. जीपमधून टोकावड्याच्या दवाखान्यात नेताना तिनं आईच्या मांडीवरच मान टाकली.

दुसऱ्या दिवशी देवळापुढे माणसं जमली. सगळ्यांच्या आधी धाऊ बोलला.

"खवा माझा, मी नाय कुठं म्हणतो? पण तो गेला उकळत्या दुधात. उकळल्यावर त्यात काय राहतं? त्याच्यानंतर हात कुणाचा फिरला, ते बघा."

याचं उत्तर तिथे कुणाकडे नव्हतं. जयाकडेही नव्हतं. चांगोनं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि पाठ फिरवली.

त्यानंतर जयाला कुणी जेवण करायला बोलावलं नाही. ती लोकांच्या शेतावर भातलावणीला जायला लागली. दुपारी बांधावर बायका भाकऱ्या सोडत, तेव्हा जयापासून जरा सरकून बसत. सख्ख्या भावाच्या घरच्या लग्नात ती चुलीकडे गेली तर भावजय म्हणाली, "तू बस गो, दमली असशील." ती बसली. तेव्हापासून तिला हात धुवायची खोड लागली. भांडं उचलायच्या आधी धुवायची, ठेवल्यावर धुवायची. पावसाळ्यात बोटांना भेगा पडून रक्त यायचं, तरी धुवायची. धाऊनं मात्र दोन वर्षांत मांडव, भांडी आणि आचारी मिळून पूर्ण जेवणाचं कंत्राट घ्यायला सुरुवात केली. जयाची सगळी लग्नं त्याच्याकडे गेली. लोक त्याला धाऊशेठ म्हणायला लागले.

अक्षदा कल्याणला कॉलेजात होती. एके दिवशी वर्गात बाई शिकवत होत्या, की काही जंतू अन्नात वाढताना विष सोडतात. उकळलं की जंतू मरतात, विष मात्र तसंच राहतं. अक्षदाचं लिहिणं थांबलं. देवळापुढे धाऊनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हे होतं, आणि तिची आई ते माहीत नसताना वर्षानुवर्षं हात धूत होती. त्या दिवशी अक्षदानं पुढे काय शिकायचं ते ठरवलं, आणि कुणाला सोडायचं नाही तेही ठरवलं.

दोन हजार सहा साली ती मुंबईच्या एका संस्थेत आगाशे मॅडमच्या हाताखाली संशोधन करत होती. खवा आणि दुधाच्या मिठायांमध्ये घातक जंतू कुठून येतात, भांड्यातून, पाण्यातून की माणसांतून, हे शोधायचं होतं. त्यासाठी शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या भट्ट्या निवडल्या होत्या. अक्षदा बर्फाचा डबा घेऊन एसटीनं फिरायची. शहापूर झालं, किन्हवली झालं, भातसानगरची कॅन्टीनं झाली. वैशाखरे तिनं शेवटी ठेवलं होतं.

धाऊनं तिला लगेच ओळखलं.

"जयावैनीची पोर ना तू? मोठी सायबीण झालीस गो!"

तिनं खव्याचे नमुने घेतले. कढईवरून कापूस फिरवून घेतला, पाणी घेतलं. मग भट्टीवरच्या प्रत्येकाच्या नाकात कापसाची काडी फिरवून ती नळीत बंद केली. धाऊ स्वतःहून पुढे आला. खवा झाला की नाही ते बघायला तो अंगठ्यानं दाबायचा, आणि धुरानं नाक वाहायला लागलं की त्याच हातानं पुसायचा. अक्षदा बघत होती.

"सर्टिफिकेट द्याल ना मुंबईचं? फ्रेम करून लावतो," धाऊ म्हणाला.

"निकाल सांगायला मी स्वतः येईन, काका," अक्षदा म्हणाली.

प्रयोगशाळेत धाऊच्या खव्यातून जंतू वाढवायच्या काचेच्या बशीवर काळे चकचकीत ठिपके उगवले, भोवती स्वच्छ कडं. धाऊच्या नाकातल्या काडीतूनही तेच उगवले. पुढच्या तपासण्यांत दोन्ही एकाच जातकुळीचे निघाले, विष सोडणारे. भट्टीवरच्या दुसऱ्या कुणाकडे ते नव्हते.

आगाशे मॅडमनी निकाल पाहिला. "असे जंतू दर तीन-चार माणसांमागे एकाच्या नाकात असतात, अक्षदा. त्याला स्वतःला कळतही नाही. हा गुन्हा नाही. त्याला एकट्याला गाठून सांग, मलम दे, हात धुवायला शिकव. नाव बाहेर जाता कामा नये. त्याच बोलीवर त्यानं आपल्याला नमुना दिला आहे."

"बारा वर्षांपूर्वीही हेच झालं असेल?"

"असेल, किंवा नसेलही. ते आता कुणालाच सांगता येणार नाही."

अक्षदा हो म्हणाली. पण एसटीत बसली तेव्हा तिच्या डोक्यात मलम नव्हतं.

भट्टीच्या मागे, फणसाखाली तिनं धाऊला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि जुनंच बोलला, "पण आमी उकळतो की."

"जंतू मरतात, काका. त्यांनी सोडलेलं विष मरत नाय. तासभर उकळा, नाय मरत."

धाऊनं नजर खाली घातली. बारा वर्षांपूर्वीचं स्वतःचं बोलणं त्याला आठवलं असावं.

"कुणाला सांगितलंस?"

"नाय. नाव सांगायचं नाय असा नियम हाय."

"मग पाळ की नियम."

"पाळीन. तुमी रविवारी आमच्या ओटीवर जेवायला या. सगळी आळी बोलावते मी. आईच्या हातचं पोटभर खायचं आणि सगळ्यांदेखत बोलायचं, की तिची चूक नव्हती."

"आणि नाय आलो तर?"

"लग्नांचा सिझन हाय. तुमची कंत्राटं कुठं कुठं हायत, मला ठाऊक हाय. एकेका घरी जाईन."

तिच्या आवाजात राग नव्हता. ही धमकी आहे आणि आपण मॅडमचा शब्द मोडतो आहोत, हे तिला पक्कं माहीत होतं. तिनं मलमाची ट्यूब त्याच्या हातात ठेवली, कशी लावायची ते नीट समजावलं आणि घरी आली.

जया तांदूळ निवडत होती. अक्षदानं तिला सगळं सांगितलं. नाकातलं, उकळण्याचं, धाऊशी काय बोलली ते. जयाचा हात सुपात चालूच राहिला. लेकीला वाटलं, आता ही रडेल.

"वालाचं बिरडं आवडतं त्याला," जया म्हणाली. "वाल भिजत घालायला पायजेत."

रविवारी दुपारी आळीतली माणसं ओटीवर आणि अंगणात बसली. काय आहे ते कुणालाच धड ठाऊक नव्हतं. चांगो सगळ्यांत शेवटी आला आणि अंगणाच्या कडेला, कुडापाशी उभा राहिला. बारा वर्षांत तो पहिल्यांदाच या घराकडे आला होता. ओटीच्या मधोमध एकच पाट मांडला होता आणि त्यापुढे एकच ताट. धाऊ इस्त्रीचा सदरा घालून आला. त्याच्याबरोबर त्याचा मुलगा आदेश होता. तो मोटारसायकलपाशीच थांबला.

जयानं वाढलं. तांदळाची भाकर, बिरडं, भात, वरण, वर तूप. धाऊनं पहिला घास घेतला. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"वैनी," तो भाताकडे बघत म्हणाला, "तवा तुमची चूक नव्हती."

"मोठ्यानं बोला, काका," अक्षदा म्हणाली.

"राघोच्या लग्नात जयावैनीची चूक नव्हती. खव्यातच खोट व्हती. उकळून जाणारी नव्हती ती."

अंगणात कुजबुज झाली. म्हाताऱ्या बायांनी एकमेकींकडे पाहिलं. अक्षदाला वाटलं होतं, हे ऐकल्यावर छातीवरचं काहीतरी उतरेल. तसं काही झालं नाही. बारा वर्षांच्या मोबदल्यात दोन-तीन वाक्यं मिळाली होती, आणि तो आता बिरड्याकडे हात नेत होता.

जया डाव हातात घेऊन त्याच्यासमोर बसली होती.

"भावजी, एक इचारू? पोरगी म्हणते, नाकात काय असतं ते माणसाला कळत नाय. ते सोडा. त्या दिवशी तुमी खवा दिलात. तो कसा व्हता, ते तुमाला ठाऊक व्हतं?"

धाऊचा हात ताटातच थांबला. हे कुठल्याही बशीवर उगवणारं नव्हतं. तो सहज नाही म्हणू शकला असता. पण जया त्याच्याकडे बघत होती, आणि तिची नजर चुकवायला त्या ओटीवर जागा नव्हती.

"दोन दिवसांचा व्हता," तो म्हणाला. "उन्हाळा. आंबूस वास मारत व्हता. भिमी म्हणाली, टाकून द्या. मी म्हटलं, बासुंदीत घातल्यावर कुणाला कळतंय."

भिमी म्हणजे त्याची बायको. ती दोन वर्षांपूर्वी गेली होती. तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं.

चांगो कुडापासून ओटीपर्यंत कसा आला ते कुणाला कळलं नाही. त्यानं धाऊच्या सदऱ्याची मान धरली. "माझी सावळी..." एवढंच त्याला बोलता आलं. आदेश पुढे धावला, पण अंगणातल्या माणसांनी त्याला अडवलं.

"चांगो, सोड त्याला," जया म्हणाली. ती उठलीसुद्धा नाही. "माझ्या घरात भरल्या ताटावरनं माणूस उठवायचा नाय. जेवू दे. जेवण झालं की तुझा."

चांगोनं हात काढला आणि तिथेच ओटीच्या कडेला बसून राहिला.

मग धाऊ जेवला. एकेक घास लहान करून, चावून चावून. ताटात आहे तोवर आपल्याला कुणी हात लावणार नाही, हे त्याला उमगलं होतं. भात संपत आला की तो म्हणायचा, "वैनी, थोडा भात." जया वाढायची. वरण मागितलं की वरण वाढायची. त्याच्या कपाळावरून घाम ताटात पडत होता. अंगणातलं कुणी उठलं नाही. अक्षदानं ठरवलं असतं तर तिला हे थांबवता आलं असतं. ती खांबाला टेकून बघत राहिली. आता कुठे तिच्या छातीवरचं उतरत होतं.

शेवटी जयानं टोप तिरका करून त्याला तळ दाखवला. "संपला, भावजी."

धाऊनं हात धुतला आणि ओटीवरून खाली उतरला.

चांगोनं त्याला दोन थोबाडीत दिल्या. तिसऱ्या वेळी त्याचा हात उठलाच नाही. तो खाली बसून ओरडून रडायला लागला. पण बाकीची माणसं तोवर भट्टीकडे निघाली होती. त्यांनी कढई उलटी केली, गरम खवा रस्त्यावर सांडला, चूल फोडली. फणसाखाली उभा राहून धाऊ ते बघत होता. त्यानं कुणाला अडवलं नाही. आदेशनं पोलिसांत तक्रार दिली, ती धाऊनंच मागे घ्यायला लावली. पुढच्या लग्नांची सगळी कंत्राटं मोडली. दिवाळीच्या आत बापलेक भट्टीची जागा विकून कल्याणला राहायला गेले.

आदेशनं संस्थेला लिहिलेलं पत्र मात्र मुंबईला पोचलं. आगाशे मॅडमनी अक्षदाला बोलावलं.

"नाव बाहेर काढायची धमकी दिलीस, हे खरं?"

"खरं, मॅडम."

"पुन्हा असा प्रसंग आला तर?"

अक्षदानं खोटं बोलायचा विचार केला आणि सोडून दिला. "तेच करीन."

मॅडमनी तिला प्रकल्पातून काढलं. यापुढे नाकातला नमुना मागायला आपल्यातलं कुणीही गेलं तरी ही माणसं त्याला दारात उभं करणार नाहीत, हे त्यांचं म्हणणं अक्षदाला पटलं. तरी तिनं माफी मागितली नाही. तिला शहापूरला एका दूध संकलन केंद्रात तपासणीचं काम मिळालं.

माघात जयाकडे दोन लग्नांचं बोलावणं आलं. दोन्ही घरची माणसं ओटीवर बसून चहा प्यायली, त्यांनी कप रिकामे केले. जयानं दोन्हीकडे नाही सांगितलं.

"का गो, आये?" अक्षदानं विचारलं. "आता तर सगळ्यांना कळलं."

"बोलवायला आली ना दारात? बास झालं मला."

मग जे विचारायचं होतं ते अक्षदानं विचारलंच. "त्या दिवशी धाऊकाकाची दया आली का तुला?"

जया निखाऱ्यावर वांगं भाजत होती. तिनं ते फिरवलं.

"चवथ्यांदा भात मागितला ना, तवा आली व्हती."

"मग?"

"मग वाढला."