आंबट पंजा

गोदामामागच्या पटांगणात सकाळी नऊलाच मुंगी शिरायला जागा नव्हती. जो तो टाचा उंचावून पुढे बघत होता आणि शेजाऱ्याला विचारत होता, "उमटला का? कुणाचा उमटला?"

उमटत होता तो पंजा. पंजेवाले बाबा आजारी माणसाच्या कोपराखाली आपला ओला हात घट्ट दाबत आणि डोळे मिटून पुटपुटत. दोन दिवसांनी तिथे पाचही बोटांसकट अख्खा पंजा दिसू लागे. आधी लालबुंद, मग तपकिरी. साबणाने जात नसे, घासून जात नसे. ज्याला उमटला तो बाही वर करूनच गावभर हिंडे.

"शरीर म्हणजे बॅटरी!" बाबा माइकवरून गरजत होते. "चार्ज उतरला की आजार! मी चार्ज करतो! आणि गोळ्या? गोळ्या म्हणजे शक्तीच्या वाटेतले खडे! खडे उचला, फेकून द्या!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यात सगळ्यात मोठी टाळी आत्याची होती, आणि शेजारी उभ्या तिच्या भाचीने, सिस्टरने, कपाळाला हात लावला.

सिस्टर कोपऱ्यावरच्या दवाखान्यात काम करायची. इंजेक्शनं आणि मलमपट्ट्यांखेरीज तिच्याकडे आणखी दोन कामं होती. पहिलं, वस्तीतल्या चाळिशीपुढच्या प्रत्येकाला धरून आणून रक्तदाब आणि साखर तपासायची. त्यामुळे तिला येताना पाहिलं की अर्धी गल्ली मागच्या दाराने पसार व्हायची. दुसरं, डॉक्टर मॅडमच्या संशोधनाच्या वह्या सांभाळायच्या. नेहमीचेच आजार कधी कधी वेष पालटून येतात, त्यांच्या नोंदी मॅडम बारा वर्षं करत होत्या. दातदुखी म्हणून आलेला हृदयविकार, आखडलेला खांदा दाखवायला आल्यावर सापडलेला मधुमेह, असलं सगळं त्यात होतं.

आत्याने सिस्टरला लहानाची मोठी केली होती. पन्नास वर्षं शिलाई मशीन चालवून दोघींची पोटं भरली होती. रक्तदाबाची गोळी मात्र तिला शत्रूसारखी वाटे. आता हातावर पंजा उमटला आणि तिला आयतं कारण सापडलं.

"आत्या, गोळी घेतलीस?"

"मला काय गरज? हा बघ." आत्याने हात नाकासमोर नाचवला. "चार्ज झालेय मी."

"अगं, वरचा आकडा एकशे नव्वद आहे!"

"तेच तर! चार्ज जास्त झालाय."

सिस्टर हसली, पण आतून धास्तावली होती.

पंजा उमटल्याच्या चौथ्या दिवशी दुपारी मशीनची टकटक अचानक थांबली. सिस्टर जेवायला घरी आली होती, ती धावत बाहेरच्या खोलीत गेली. आत्याच्या हातातली सुई खाली पडली होती. ती उचलायला उजवा हात काही केल्या वळत नव्हता. काहीतरी सांगू पाहत होती, पण शब्द ओठांतच विरघळत होते. सिस्टरने तिला तशीच रिक्षात घातली. दवाखान्यात पोहोचेपर्यंत हात हलू लागला, जीभही वळली, आणि आत्याचं पहिलं वाक्य होतं, "कापड उन्हात राहिलं गं."

मॅडमनी तपासलं आणि मान हलवली. "मेंदूचा रक्तपुरवठा थोडा वेळ अडला होता. या वेळी सुटलात. पुढच्या वेळी हात परत येईलच असं नाही. आता लगेच मोठ्या इस्पितळात जायचं, आणि गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत."

तीन दिवस इस्पितळात काढून आत्या घरी आली ती नवा हट्ट घेऊनच. "बाबा म्हणालेच होते, शक्ती अंगात उतरताना झटका बसतो."

सिस्टरने आत्याचा हात खिडकीशी नेला आणि पंजा नीट पाहिला. बोटांच्या कडा रेखीव होत्या. मधल्या बोटाखाली एक ओघळ मनगटापर्यंत आला होता आणि तोही तसाच तपकिरी होता. शक्तीला ओघळ कसा येईल? ओघळ पाण्याला येतो.

ती तडक दवाखान्यात गेली आणि वह्या काढून बसली. तिसऱ्या वहीत नोंद सापडली. सरबतवाली, वय बत्तीस. दोन्ही मनगटांवर तपकिरी पट्टे, ओघळासारखे. नवरा मारतो असा शेजाऱ्यांना संशय. खरं कारण: दिवसभर उन्हात लिंबं पिळणे.

"मॅडम!"

मॅडमनी चष्मा वर केला. "अरे हो! लिंबाच्या सालीत आणि रसात एक द्रव्य असतं. ते कातडीवर राहिलं आणि वर कडक ऊन पडलं की कातडी भाजते. लगेच कळत नाही, एक-दोन दिवसांनी दिसतं. डाग महिनोन्महिने राहतो. पण सिस्टर, नुसतं वहीतलं वाचून कोण ऐकणार?"

"मग करूनच बघते. माझ्या हातावर."

"इवल्याशा ठिकाणीच लाव. फोड आले तर मला दाखव."

सिस्टरने बटाटा कापून छोट्या बदकाचा ठसा कोरला. डाव्या हातावर तीन बदकं उठवली. पहिलं लिंबाच्या रसाचं, दुसरंही रसाचं पण वर काळं कापड बांधून झाकलेलं, तिसरं साध्या पाण्याचं. मग दवाखान्याच्या गच्चीवर तासभर उन्हात बसली आणि खाली येऊन हात साबणाने धुतला. कंपाउंडर म्हणाला, "काम वाढलं की डोक्यावर असा परिणाम होतो."

तिसऱ्या दिवशी पहिल्या जागी झकास लालसर बदक पोहत होतं. बाकी दोन जागा कोऱ्या.

रविवारी ती आत्याला घेऊन पटांगणात गेली. या वेळी ती बाबांच्या तोंडाकडे पाहत नव्हती, हातांकडे पाहत होती. मंडपाच्या सावलीत बाबांपुढे दोन वाडगे होते, दोन्हींना अत्तराचा घमघमाट. मोठ्या वाडग्यातलं पाणी सगळ्यांना लावायचं आणि मंडपात बसवायचं. लहान वाडग्यात हात बुडवला की मात्र माणसाला बाही वर करून उघड्यावरच्या बाकावर तासभर बसायचा हुकूम, "सूर्याला साक्ष ठेवून!"

सिस्टर सरळ पुढे गेली. "बाबा, एक विनंती. हात साबणाने धुऊन माझ्या हातावर ठेवाल?"

"साबणाने शक्ती वाहून जाते, मुली."

"बरं. मग लहान वाडग्यातलं लावा, पण मी मंडपात बसते. शक्ती सावलीत चालते ना?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. बाबांनी डोळे वटारले. "अश्रद्ध माणसावर पंजा उमटत नाही!"

"पंजा नाही, पण बदक उमटलंय." सिस्टरने बाही वर केली. पुढच्या रांगेतले वाकून पाहू लागले. "बटाट्याचा ठसा, लिंबाचा रस आणि ऊन. इथे रस होता पण ऊन नाही, इथे ऊन होतं पण रस नाही. दोन्ही जागा कोऱ्या. ज्यांना पंजा उमटला त्यांनी आठवून सांगा, तुमच्यातलं एक तरी माणूस सावलीत बसलं होतं?"

गर्दीत कुजबुज सुरू झाली. एक न्हावी म्हणाला, "मी तर बाकावरच होतो." दुसरा म्हणाला, "मीपण!"

"खोटं!" बाबा ओरडले. "या वाडग्यात हिमशिखरांवरचं जल आहे! हात लावाल तर भस्म व्हाल!"

तेवढ्यात आत्या उठली. सिस्टर "आत्या, थांब" म्हणेपर्यंत तिने लहान वाडग्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. तिचा चेहरा असा काही आक्रसला की अख्खं पटांगण श्वास रोखून बघत राहिलं.

"आंबट!" आत्या म्हणाली. "अहो, अत्तर घातलेलं लिंबू आहे हे!"

हशा उसळला. बाबा "संशयाने जागा अपवित्र झाली" असं काहीबाही म्हणत गाडीत बसले ते गळ्यातला माइक चालू ठेवूनच. ड्रायव्हरला "चल लवकर" म्हणालेलं सगळ्यांनी ऐकलं.

आत्या मात्र हसली नाही. बाकावर बसून तपकिरी डागावरून हात फिरवत राहिली. "म्हणजे हे नुसतं भाजलंय," ती हळूच म्हणाली. "आणि याच्या भरवशावर मी हात गमावणार होते."

सिस्टर तिच्याजवळ बसली. मग लोक भोवती जमलेच होते, म्हणून तिने आवाज थोडा चढवला. "अंगावर काही नवलाचं दिसलं की घाबरू नका आणि भुलूही नका. ते कशामुळे झालं, सगळ्यांनाच का झालं नाही, हे विचारा. आणि ज्याला असे प्रश्न विचारलेले चालत नाहीत, त्याच्या सांगण्यावरून औषध सोडू नका. रक्तदाब दुखत नाही, खुपत नाही, म्हणून तर तो मोजावा लागतो. दवाखाना आत्ता उघडा आहे."

न्हावी पहिला उठला. त्याच्यामागे दोघं, मग चौघं.

आत्याने पिशवीतून पाण्याची बाटली काढली. "आण ती गोळी. तू सांगतेस म्हणून नाही हं घेत. मी स्वतः चाखून बघितलं म्हणून घेतेय."

"एवढंच तर हवं होतं," सिस्टर म्हणाली आणि गोळी तिच्या तळहातावर ठेवली.