स्वतःलाच लावलेला हूक

सकाळी पाणी तापले की घरातले पहिले काम थोरल्याला कुशीवर वळवण्याचे. आई त्याचे खांदे धरी, बायको पाठीशी उशी सरकवी आणि धाकटा भाऊ त्याचे दोन्ही पाय, दुसऱ्याचे सामान हलवावे तसे, जपून उचलून पलीकडे ठेवी. कमरेखाली काहीच जाणवत नसल्यामुळे कातडी कुठे लाल झाली आहे का, हे त्याला सांगता येत नसे. ते त्याची बायको पाही. ओल्या फडक्याने पुसून, कोरडे करून, चादरीच्या सुरकुत्या ती तळहाताने काढी. एवढा वेळ थोरला भिंतीकडे तोंड करून काहीतरी थट्टा करी.

"नीट धरा, नाहीतर पडेन," आज तो म्हणाला. कोणी हसले नाही.

त्याचे वडील, टोळीचे मुकादम, या वेळी दाराबाहेर पायरीवर बसून बुटांच्या नाड्या बांधत. नाड्या बांधायला इतका वेळ लागत नाही, हे घरात सर्वांना ठाऊक होते.

मोठमोठ्या कारखान्यांचे लोखंडी सांगाडे उभारणे हे त्या घराचे काम. मुकादमांनी उभे आयुष्य खांबांवर आणि तुळयांवर काढले आणि दोन्ही मुलांना आपल्याच टोळीत घेतले. थोरला पडला तो अशाच एका अर्धवट जोडलेल्या तुळईवरून. तेव्हापासून ते काम थांबले होते. आज ते पुन्हा सुरू होणार होते आणि भावाच्या जागी धाकटा चढणार होता.

सून पायरीवर आली. धाकट्याला ऐकू जाऊ नये म्हणून तिने दार ओढून घेतले.

"बाबा, भावोजींना आज तिथंच चढवणार?"

काम जिथे थांबले तिथूनच सुरू करावे लागते, असे मुकादम म्हणाले. मग तिने विचारले, पट्ट्याच्या दोराचा हूक लावला असता तर हे पडण्यातून वाचले असते ना? त्यावर त्यांनी टोळीत पिढ्यान्‌पिढ्या दिले जाणारे उत्तर दिले: दोराला बांधलेला माणूस पायावर भरवसा ठेवत नाही, त्याचे लक्ष दोराकडे जाते आणि पाय चुकतो. थोरल्याचे लक्ष गेले, एवढेच. हिला त्यातले काही कळायचे नाही.

"नसेल कळत," ती म्हणाली. "पण या घरात आणखी एक माणूस मी कुशीवर वळवणार नाही. मला जमणार नाही. आजच सांगून ठेवते."

मुकादम उठून कामाला निघाले.

त्या टोळीत पट्टा सगळेच घालत. खांद्यांवरून आणि मांड्यांभोवती घट्ट आवळायचा, पाठीवर दोर आणि दोराच्या टोकाला हूक. चालताना तो लोंबून अडकू नये म्हणून तेवढ्यापुरता छातीवरच्या कडीत अडकवायचा आणि वर पोहोचले की काढून तिथे आधारासाठी ताणलेल्या तारेला लावायचा. टोळीत तो छातीवरून कधी निघतच नसे. खालून पाहणाऱ्या साहेबाला माणूस बांधलेला दिसे. माणूस मात्र स्वतःलाच बांधलेला असे. यात कोणाला फसवणूक वाटत नसे. उलट नवा गडी पहिल्या दिवशी तुळईवरून मोकळा चालून गेला, की सगळे त्याच्या पाठीवर थाप मारत. ज्याने हूक लावायला जागा शोधली, त्याला वर्षभर, गुरासारखा बांधलेला म्हणून, 'दाव्याचा' म्हणत.

काम पुन्हा सुरू करण्याआधी आज सुरक्षेचे प्रशिक्षण होते. तसे ते यापूर्वीही झाले होते. पट्टे घालून रांगेत उभे राहायचे, फोटो निघाला की चहा. आजही कंत्राटदाराचा हिशेब तसाच होता. क्रेन येऊन उभी होती. चहापर्यंत शिकवणे उरकून दुपारी तुळई चढवायची होती. पण या वेळी आलेल्या शिकवणाऱ्या बाईंनी फोटोचे नाव काढले नाही. त्यांनी गुडघाभर उंचीवर एक तुळई मांडून घेतली, तिच्या वर एक तार ताणली आणि म्हणाल्या की इकडून तिकडे चालून दाखवा, रोज वर जाता तसेच. सुरुवात मुकादमांपासून.

मुकादमांनी पट्टा आवळला. तार डोळ्यांसमोर होती, बाई समोर उभ्या होत्या, काय करायचे हे त्यांना पक्के ठाऊक होते. त्यांनी तुळईवर पाय ठेवला आणि त्यांच्या हाताने हूक खांद्यावरून ओढून छातीवरच्या कडीत अडकवला. आवाज झाला तेव्हा त्यांचे त्यांना कळले.

"काका, हा कुणाला लावलात?" बाईंनी शांतपणे विचारले.

"स्वतःलाच," मागून टोळीतला वेल्डर म्हणाला. "पडले तर एकटे नकोत पडायला."

टोळी हसली. मुकादमही ओशाळून हसले आणि बाजूला झाले. मग धाकट्याची पाळी आली.

धाकट्याने पाय ठेवला, मनगट वळवून हूक ओढला, हनुवटी किंचित वर उचलली आणि हूक छातीवर अडकवला. मुकादमांचे हसू तिथेच विरले. ती हनुवटी त्यांची होती. तरुणपणी एकदा जड हूक उसळून त्यांच्या हनुवटीला लागला होता. तेव्हापासून ते मान वर करत. धाकट्याच्या हनुवटीला कधी काही लागले नव्हते. थोरल्याच्याही नाही. दोघांनाही हे कोणी तोंडाने शिकवले नव्हते. बापाकडे पाहून पाहून ते शिकले होते, हनुवटीसकट.

थोरला पडला त्या दिवशी त्याच्या अंगावरचा पट्टा मुकादमांनीच सोडवला होता. हूक छातीवर होता. नीट बंद होता.

बाईंनी पुढे दोन हुकांचा दोर दाखवला. खांब आडवा आला की पहिला हूक पलीकडे लावायचा आणि मगच दुसरा सोडायचा; एक तरी सतत अडकलेला हवा. "वर तुम्ही कशाला लावता?" त्यांनी विचारले. वर तारच नव्हती. तार शेवटी, रंगवाल्यांसाठी लागेल, असे कंत्राटदार म्हणाला आणि त्याने क्रेनवाल्याला हात केला.

"आधी तार," मुकादम म्हणाले.

कंत्राटदाराने त्यांना बाजूला घेऊन समजावले. बाई संध्याकाळी जातील, तेवढी मान हलवा. मग आवाज चढला: तुम्ही म्हातारे झालात, माझ्या दारात टोळ्या उभ्या आहेत, उद्या दुसरा मुकादम आणतो. घरात अंथरुणाला खिळलेला मुलगा आहे, त्याचा तरी विचार करा.

"त्याचाच करतोय," मुकादम म्हणाले.

कंत्राटदाराने वेल्डरला वर जायला सांगितले. वेल्डर शिडीपाशी आला, तर मुकादम पहिल्या पायरीवर हात टेकून उभे.

"सरा, मुकादम. आम्हालाही दावं बांधणार काय?"

"हो. पडलेला माणूस मी एकदा उचललाय. तुला नाही उचलणार."

वेल्डर शिडीपासून मागे सरला. मग गुदामाकडे गेला आणि तारेचे भेंडोळे खांद्यावर घेऊन आला. कंत्राटदार फोनवर बोलत निघून गेला.

क्रेनच्या पाळण्यातून वर जाऊन खांबाखांबाला तार आवळण्यात दुपार गेली. बाईंनी प्रत्येक गाठीवर आपला भार टाकून पाहिला. मग तुळई चढली. पहिले मुकादम गेले, मागे धाकटा, त्याच्यामागे वेल्डर. प्रत्येक खांबाशी मुकादम थांबत, एक हूक पुढे लावून ओढून पाहत आणि मगच मागचा सोडत. एरवी क्षणात जाणाऱ्या अंतराला फार वेळ लागला. मागच्यांनी घाई केली नाही.

ते उतरले तेव्हा ऊन कलले होते. कंत्राटदाराने फोनवरून ठरवलेला, उद्यापासून काम घेणारा मुकादम फाटकाशी येऊन उभा होता. जुनी ओळख होती. तो अवघडून म्हणाला की वाईट वाटून घेऊ नका, मी नाही तर दुसरा कोणी आलाच असता. आणि किती काम राहिले आहे, एवढे विचारले.

धाकट्याने वडिलांचा डबा उचलला होता. मुकादमांनी त्याला पुढे व्हायला सांगितले.

"पट्टा घाल," ते नव्या मुकादमाला म्हणाले, "तार कुठून कुठे गेलीय ते दाखवतो." आणि ते पुन्हा शिडीकडे वळले.