आतल्या चपला

रिक्षातून उतरताच अपेक्षानं ओढणी दोन्ही खांद्यांवर सारखी केली आणि मान खाली घातली. सोबत आलेले मध्यस्थ शेषराव भाडं देता देता थांबले.

"मान वर कर वो. तुले पाह्यले पाहुणे नाई आले."

"सवय पडली, आबा."

सवय पडणारच. वर्षभरात तीन ठिकाणची मंडळी तिला पाहून गेली होती. विचारलं तेवढंच बोलायचं, पायाच्या अंगठ्याकडे बघायचं, हे आईनं तिच्याकडून घोटून घेतलं होतं. गेल्या महिन्यात शेषरावांच्याच ओळखीनं अमरावतीच्या प्रयोगशाळेत मुलाखत झाली, तिथंही ती तशीच बसली. पोरीला सगळं येत होतं, पण उत्तरं फक्त अंगठ्याला ऐकू गेली. "कळवतो," साहेब म्हणाले. शेषरावांनी दर्यापूर तालुक्यात उभी हयात सोयरिकी जुळवल्या होत्या. 'कळवतो' म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं.

अलीकडे लोक त्यांच्याकडे लग्नाआधी नोकरीचंच बोलत. पोरं पदव्या घेऊन घरी बसलेली. मग स्थळ शोधावं तसं शेषराव काम शोधू लागले. पोर काय शिकली आणि ते शिक्षण कुठं लागतं, एवढं आधी विचारून घेत. अपेक्षा जंतूंचं शास्त्र शिकलेली, म्हणून त्यांनी अकोल्याच्या एमआयडीसीतला हा दूध प्लांट हुडकला. इथं जमलं नाही, तर सोमवारपासून ती मामाच्या बांगड्यांच्या दुकानात बसणार, असं घरी ठरलं होतं.

"सोयरीक करताना आपण पोराचं घर पाह्यतो का नाई?" फाटकातून आत शिरताना ते म्हणाले. "तसं पाह्यजो."

मॅनेजर गजेंद्रबाबू बोलका माणूस. त्यांनी विचारलं, अपेक्षानं सांगितलं. आधी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून, मग हळूहळू त्यांच्याकडे बघून. चहा संपायच्या आत ते म्हणाले, "उद्यापासून या, मॅडम."

शेषरावांचे हात आपसूक जोडले गेले. मुलीकडच्यांचे हात, वर्षानुवर्षांची सवय.

"सर, तपासणीची खोली पाहू का?" अपेक्षानं विचारलं.

गजेंद्रबाबू रस्त्यावरच्या बुटांनीच खोलीत शिरले. जंतू वाढवून बघायचं उबदार कपाट कोपऱ्यात होतं. अपेक्षानं त्याचं दार उघडलं. आत जेवणाचे तीन डबे होते.

"गरम राह्यतात ना," ते हसले. "इथं काही त्रास नाई तुमाले. रिपोर्ट ठरलेले हायेत. डिग्रीवाल्याची सही तेवढी लागते."

अपेक्षानं दार हलकेच लावलं.

"मी घरी विचारून कळवते," ती म्हणाली.

शेषरावांनी हा शब्द किती बैठकांत ऐकला असेल, पण या बाजूनं कधीच नाही. जोडलेले हात त्यांनी खाली घेतले आणि उगाच टोपी नीट केली.

रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली दोघं रिक्षाची वाट बघत उभे राहिले.

"चिडले का, आबा?"

"नाई वो. पर घरी आता बांगड्याच भराव लागन, हे समजते ना तुले?"

तिची नजर पायातल्या चपलांवर गेली.

"अमरावतीले मी खालीच पाहून राहिली होती. त्याईचे पाय दिसले मले. साहेबापासून झाडूवालीपर्यंत समदे दारात चपला बदलून आत जात होते. आतल्या चपला येगळ्या." तिनं मान वर केली. "त्या साहेबाचा नंबर हाय तुमच्याजवळ?"

'कळवतो' म्हटलेल्या घराची पायरी मुलीकडच्यांनी पुन्हा चढायची नसते. शेषरावांनी हे कितीतरी बापांना बजावलं होतं. आत्ताही ते ओठांवर आलं होतं.

रिक्षा समोर येऊन थांबली. त्यांनी रिक्षावाल्याला हातानंच थांबायला सांगितलं, सदऱ्याच्या खिशातून मोबाइल काढला, नंबर लावला. पलीकडे घंटी वाजू लागली तसा तो अपेक्षाच्या हातात दिला.

"तूच बोल," ते म्हणाले.