दहा सेकंद श्वास रोखा

"वीस वर्षं लोकांना औषधं समजावतोय मी. दहा मिनिटांचा पाठ म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ!" असं म्हणत फार्मासिस्टसाहेबांनी दुकानामागच्या खोलीत लॅपटॉप उघडला.

"मागच्या दोन्ही वेळेला हेच म्हणाला होतात," बायको काउंटरवरून म्हणाली.

आणि दोन्ही वेळेला साहेब आपटले होते. ऑनलाइन शिकवण्याच्या प्रमाणपत्राचा आजचा प्रयत्न तिसरा आणि शेवटचा. मिळालं तर नव्या फार्मासिस्टांना शिकवायची नोकरी, तीही खुर्चीत बसून. नाही मिळालं तर पुन्हा काउंटर, आणि उभं राहून कामातून गेलेले दोन गुडघे.

पडद्यावर परीक्षक बाई आणि तीन विद्यार्थी. विषय, इनहेलर कसा ओढायचा. कोपऱ्यात दहा मिनिटांचं घड्याळ उलटं धावत होतं; बाईंनी गुणही त्यातच भरायचे होते. माहिती सांगण्यात आठ मिनिटं गेली.

"सगळ्यांनी मूठ तोंडाशी धरा, हाच इनहेलर समजा. दाबलं, ओढलं, आता श्वास रोखा. मी दहा मोजतो."

दहा झाले. कुणी हललं नाही. वा, काय शिस्त! साहेबांना चेव आला. "अजून दहा जमतील? शाब्बास!"

वीस झाले. तीस झाले. कुणाची पापणी लवेना. बाईंची वर गेलेली भुवई वरच. साहेबांना दरदरून घाम फुटला.

"अगं, ही माणसं श्वासच सोडत नाहीयेत!"

"कुठली माणसं?"

"परीक्षेतली! बाईसुद्धा! सोडा हो बाई, सोडा! जीव जाईल!" साहेबांनी पडद्यावर थापा मारल्या.

"अहो, नेट अडकलंय! माझंही बिल निघत नाहीये."

अडकलं होतं ते तिकडून येणारं. इकडचं सगळं अक्षरन् अक्षर पोचत होतं. चित्र परत आलं तेव्हा तिघं विद्यार्थी पोट धरून हसत होते. बाईही हसत होत्या. हसता हसता खोकला, खोकता खोकता छातीतून शिट्टी.

"बाई, दमा आहे?"

बाईंनी मान हलवत ड्रॉवरमधून इनहेलर काढला. तसाच घाईघाईनं तोंडाशी नेला. घड्याळात चाळीस सेकंद उरले होते. साहेबांनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

"घाई नको. आधी हलवा. श्वास पूर्ण सोडा. आता दाबा, हळूच ओढा. रोखा. एक... दोन..."

या वेळी कुणी हसलं नाही. साहेबांनी दहाच्या दहा सावकाश मोजले. शिट्टी कमी झाली.

"इतकं नीट मला आजवर कुणीच शिकवलं नव्हतं," बाई म्हणाल्या आणि गुण भरायला त्यांनी चष्मा शोधला.

तो सापडायच्या आत दहा मिनिटं संपली, वर्ग आपोआप बंद झाला, आणि गुण न भरल्यामुळे तिसऱ्या प्रयत्नापुढे शून्याची नोंद झाली.