वायर नसलेला टेलिफोन

मी एक जुना, काळा, चकतीचा टेलिफोन आहे. हसू नका मित्रांनो, पण मला वायरच नाही. पोटातलं यंत्र काढून मला एका मालिकेच्या सेटवर आणलं गेलं. तिथल्या खोट्या दिवाणखान्यात, खोट्या खिडकीजवळच्या तिपाईवर मी सव्वीस वर्षं काढली. माझी घंटा म्हणजे सामान सांभाळणारे मामा. कॅमेऱ्यामागून ते तोंडानेच ओरडायचे, "ट्रिंग ट्रिंग!" खरी घंटा मागाहून जोडली जायची.

मला उचलायच्या त्या माई, मालिकेतल्या खाष्ट सासूबाई. घरोघरी बायका त्यांच्या नावाने बोटं मोडायच्या आणि माई खूश व्हायच्या. एरवी त्या मुंगीलाही न दुखावणाऱ्या!

बाकीचे नट फोनवर भडाभडा बोलून मोकळे व्हायचे. माई थांबायच्या. पलीकडचं ऐकायच्या, मान हलवायच्या, मग बोलायच्या. "फोनवर ऐकावं तर माईंनीच," असं दिग्दर्शक नव्या मुलींना सांगायचे. मी उगाच फुगायचो.

एकदा मामांनी विचारलंच, "माई, पलीकडे असतं तरी कोण हो?"

"माझी ताई," माई म्हणाल्या. "ती आजारी होती. तिचा फोन इथल्या ऑफिसात आला, तेव्हा मी ह्याच्यावर संवाद म्हणत होते. शॉट संपल्यावर निरोप मिळाला. मी परत फोन लावला, तोवर ती गेली होती. काय सांगायचं होतं तिला, कोण जाणे! म्हणून थांबते जरा."

अहो, त्या दिवसापासून मला एकच ध्यास लागला. एकदा, फक्त एकदा, माझ्यातून माईंना आवाज यावा.

वर्षं गेली. माईंचं थांबणं लांबत गेलं. "काय अभिनय आहे!" लोक म्हणायचे. खरं काय ते मलाच ठाऊक होतं, कारण मला धरलेला हात घामाने ओला व्हायचा. माई ऐकत नव्हत्या, त्यांना पुढचं वाक्य आठवत नव्हतं. तालमी ऐकून ऐकून ते माझ्या अगदी जिभेवर असायचं, पण मला जीभ कुठली!

मग एके दिवशी ते थांबणं संपेचना. सगळे वाट बघत होते. शेवटी माई माझ्यात हळूच म्हणाल्या, "ताई, पुढे काय गं?"

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. दिग्दर्शक हलकेच "कट" म्हणाले. आठवड्याभरात सासूबाईंना मालिकेतल्या लेकीकडे परगावी पाठवलं. त्या परत आल्याच नाहीत. माझ्या तिपाईवर मोबाइल आला आणि मी फुटक्या फुलदाण्यांबरोबर खोक्यात गेलो. मला खोक्याचं काही वाटलं नाही. माईंच्या हाताची फार आठवण यायची.

दोन वर्षांनी सेट मोडला, तेव्हा मामांनी मला फडक्यात गुंडाळून माईंच्या घरी नेलं.

"आजी, ह्याला वायरच नाही!" नात खिदळली.

"असू दे गं. ओळखीचा आहे तो," माई म्हणाल्या आणि त्यांनी मला पलंगाजवळ ठेवलं.

आता रोज दुपारी त्या मला कानाला लावतात. "हॅलो, ताई," म्हणतात आणि थांबतात. मग इकडेतिकडे बघत बसतात. त्यांची सव्वीस वर्षांची वाक्यं मला तोंडपाठ आहेत, मित्रांनो, पण त्यातलं एकही मला देता येत नाही. नात समोरच असते. तिचं डोकं तिच्या मोबाइलमध्ये असतं.

माझी काळजी करू नका. मला फडक्याने पुसलं की झालं. पण तुमच्या घरात कोणी बोलता बोलता मध्येच थांबलं, तर हसू नका, उठून जाऊ नका. तुम्हाला आवाज आहे. पुढचा शब्द तुम्ही द्या.